पोलादी यंत्रभागांची घनावस्था दुरुस्ती

झिजलेल्या, गंजाने खाल्लेल्या किंवा खाच पडलेल्या पोलादी यंत्रभागावर, धातू न वितळवता, नव्या धातूचे थर चढवून त्याला मूळ माप परत देण्याच्या पद्धतींना घनावस्था दुरुस्ती म्हणतात. थरावर थर रचून वस्तू घडवण्याच्या, म्हणजेच अ‍ॅडिटिव्ह मॅन्युफॅक्चरिंगच्या, तंत्राची ही एक शाखा आहे. तिच्यात चढवला जाणारा धातू आणि ज्यावर तो चढतो तो भाग हे दोन्ही सर्व काळ घनरूपच राहतात. आघात, घर्षण किंवा दाब यांमुळे दोन्ही पृष्ठभागांवरील ऑक्साइडचा पापुद्रा फुटतो, आतला स्वच्छ धातू उघडा पडतो आणि त्या स्वच्छ धातूंचा परस्परांशी जोड बसतो. कोल्ड स्प्रे, फ्रिक्शन सरफेसिंग आणि अ‍ॅडिटिव्ह फ्रिक्शन स्टर डिपॉझिशन या तीन पद्धती पोलादाच्या संदर्भात विशेष महत्त्वाच्या आहेत. नद्या, खाडी आणि समुद्र यांवर ज्याची मालवाहतूक आणि मासेमारी पिढ्यान्‌पिढ्या अवलंबून राहिली, त्या गोव्यासारख्या प्रदेशात या विषयाला केवळ शास्त्रीय नव्हे, तर रोजच्या व्यवहारातले मोल आहे.

झीज आणि तिची किंमत

यंत्रभाग बहुधा पूर्ण निकामी होत नाही. त्याचा अगदी थोडा अंश निकामी होतो. १०० मिमी व्यासाचा आणि २ मीटर लांबीचा पोलादी शाफ्ट घेतला, तर त्याचे वजन सुमारे १२३ किलो भरते. बेअरिंगच्या जागी १५० मिमी लांबीत त्याचा पृष्ठभाग सगळीकडून अर्धा मिमी झिजला, तर गेलेला धातू जेमतेम १८५ ग्रॅम असतो. तरीही बेअरिंग सैल पडते, शाफ्ट थरथरू लागतो आणि एवढ्या झिजेपायी सगळा शाफ्ट भंगारात काढण्याची वेळ येते. दुरुस्तीचे सर्व शास्त्र हे १८५ ग्रॅम नीट परत बसवण्याभोवती फिरते.

गोव्यात अशा झिजेची उदाहरणे शोधावी लागत नाहीत. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांतले लोहखनिज मांडवी आणि जुवारी या नद्यांतून बार्जने मुरगाव बंदराकडे नेले जाई, आणि वास्को येथील गोवा शिपयार्ड ही आज नौदल व तटरक्षक दलासाठी जहाजे बांधणारी गोदी १९५७ मध्ये पोर्तुगीज राजवटीत सुरू झाली, ती मुळात खाणींच्या बार्जची गरज भागवण्यासाठीच. बार्जचे प्रोपेलर शाफ्ट व सुकाणूचे दांडे, खाणीवरच्या एक्स्कॅव्हेटरच्या पिना आणि हायड्रॉलिक रॉड, मालीम किंवा कुटबणच्या जेटीवरील ट्रॉलरचे शाफ्ट हे सर्व भाग खारे पाणी, लाल माती आणि दमट हवा यांच्या संयुक्त माऱ्याखाली असतात. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खाणकाम थांबले. अशा वेळी उभ्या राहिलेल्या यंत्रांचा वापर थांबतो, पण गंज थांबत नाही, आणि चालत्या यंत्राच्या झिजेपेक्षा उभ्या यंत्राचा गंज अनेकदा अधिक खोल जातो, कारण तो एकाच जागी खड्डे पाडत राहतो.

वितळवून भरण्यातील अडचण

वर्कशॉपमधला रूढ उपाय म्हणजे झिजलेली जागा वेल्डिंगने भरणे आणि मग लेथवर उतरवून माप आणणे. सौम्य पोलादावर, म्हणजे कमी कार्बनच्या माइल्ड स्टीलवर, तो उपाय चांगला चालतो आणि त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. अडचण येते ती मध्यम कार्बनच्या पोलादात. ईएन ८ या शाफ्टसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या प्रकारात सुमारे ०.४ टक्के कार्बन असतो. वेल्डिंगच्या कडेचा पट्टा क्षणात तापतो आणि थंड शाफ्टच्या वस्तुमानामुळे तितक्याच झपाट्याने निवतो. तेथे मार्टेन्साइट ही कठीण पण ठिसूळ रचना तयार होते. त्यात इलेक्ट्रोडच्या आवरणातील ओलीमधून आलेला हायड्रोजन शिरला, तर काम संपल्यावर काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनी, डोळ्यांना न दिसणारा तडा पडतो. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात इलेक्ट्रोडचे आवरण फार लवकर ओल धरते, म्हणून ते भट्टीत सुकवून वापरणे आणि शाफ्ट आधी तापवून घेणे या दोन गोष्टी येथे ऐच्छिक मानता येत नाहीत. जून आणि जुलै या मासेमारीबंदीच्या दोन महिन्यांतच ट्रॉलरची बहुतेक दुरुस्ती उरकावी लागते, म्हणजे सर्वांत दमट दिवसांत सर्वांत जास्त वेल्डिंग होते, हा योग दुर्दैवी आहे. याशिवाय वितळलेला धातू गोठताना आकसतो, त्यामुळे लांब शाफ्ट वाकतो आणि पुन्हा सरळ करावा लागतो.

कोल्ड स्प्रे

१९८० च्या दशकात तत्कालीन सोव्हिएत संघातील नोव्होसिबिर्स्क येथील सैद्धांतिक व उपयोजित यामिकी संस्थेत अनातोली पापिरिन आणि त्यांचे सहकारी ध्वनीपेक्षा वेगवान, धूलिकणयुक्त वायुप्रवाहांचा अभ्यास करत होते. प्रवाहात ठेवलेल्या वस्तूवर आदळणारे धातूचे कण एका ठरावीक वेगापर्यंत पृष्ठभाग खरवडतात आणि त्या वेगापुढे मात्र त्यावर चिकटून बसतात, असे त्यांना आढळले. या सीमेला क्रांतिक वेग म्हणतात आणि कोल्ड स्प्रे तंत्राचा पाया तोच आहे.

या पद्धतीत नायट्रोजन किंवा हेलियम वायू उच्च दाबाखाली तापवून डी लाव्हाल नळीतून सोडतात. नळी मध्ये अरुंद आणि पुढे रुंद होत जाते. तिच्यातून बाहेर पडताना वायू प्रसरण पावतो, थंड होतो आणि ध्वनीच्या वेगापुढे जातो. त्यात मिसळलेली, साधारण ५ ते ५० मायक्रोमीटर आकाराच्या कणांची भुकटी सेकंदाला ३०० ते १२०० मीटर वेगाने भागावर आदळते. आधुनिक यंत्रांत वायू १००० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवला जात असला, तरी कण त्या वायूत इतका अल्प काळ असतात की ते वितळण्याच्या जवळही पोहोचत नाहीत. शुद्ध लोखंड १५३८ अंशांना वितळते. आदळण्याच्या क्षणी कणाच्या कडेला प्रचंड विरूपण होते, तेथील उष्णतेला पसरायला वेळ मिळत नाही, धातू त्या अरुंद पट्ट्यात एकाएकी मऊ पडून बाहेर ढकलला जातो आणि आपल्याबरोबर ऑक्साइडचा पापुद्रा घेऊन जातो. उरतो तो धातूशी धातूचा जोड.

खालचा शाफ्ट फारसा तापत नाही, त्यामुळे त्याची रचना बदलत नाही, तो वाकत नाही आणि थरात बहुधा दाबाचा ताण राहतो, जो तडा उघडण्याला विरोध करतो. भागाच्या जुन्या उष्णतोपचाराला धक्का लागत नाही, ही या पद्धतीची सर्वांत मोठी देणगी म्हणावी लागेल.

मात्र पोलाद हे कोल्ड स्प्रेसाठी सोपे द्रव्य नाही. अ‍ॅल्युमिनियम आणि तांबे मऊ असल्याने सहज बसतात. पोलादाचा कण कठीण असल्याने त्याला अधिक वेग आणि अधिक तापमान द्यावे लागते. हेलियममध्ये ध्वनीचा वेग सर्वसाधारण तापमानाला सेकंदाला सुमारे १००० मीटर, तर नायट्रोजनमध्ये सुमारे ३५० मीटर असतो, म्हणून हेलियमने थर अधिक घट्ट बसतो. पण हेलियम महाग आहे आणि नायट्रोजनने चढवलेल्या पोलादी थरात सूक्ष्म छिद्रे राहण्याची शक्यता वाढते. शिवाय चढलेला धातू आघातांनी कठीण झालेला असतो आणि त्याची लवचिकता फारच कमी असते. तो झीज सोसतो, माप धरून ठेवतो, परंतु ओढ सोसण्याच्या हिशेबात त्याला धरता येत नाही. या मुद्द्यावर विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांपेक्षा अधिक सावधपणा हवा. शाफ्टची ताकद कमी पडत असेल, तर कोल्ड स्प्रे हा उपाय नव्हे. त्याचे माप कमी पडत असेल, तर तो उत्तम उपाय ठरू शकतो.

अमेरिकी लष्कराच्या संशोधन प्रयोगशाळेने हेलिकॉप्टरच्या मॅग्नेशियम गिअरबॉक्सच्या दुरुस्तीपासून हे तंत्र पुढे नेले आणि २००८ मध्ये त्यासाठी लष्करी मानक निघाले. पोलादाच्या बाबतीत एक लक्षणीय प्रयोग मे २०२५ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ग्रेट बॅरिंग्टन येथे झाला. तेथे एका जुन्या पुलाच्या गंजलेल्या तुळईच्या छोट्या भागावर जागेवरच कोल्ड स्प्रेने पोलाद चढवण्यात आले. तो पूल पुढे पाडायचा असल्याने दुरुस्त केलेला भाग कापून तपासता येईल, हा विचार त्यामागे होता. दुरुस्तीची परीक्षा अशा रीतीनेच व्हायला हवी. भारतात हैदराबादची एआरसीआय ही संशोधन संस्था कोल्ड स्प्रेवर दीर्घकाळ काम करत आली आहे.

घर्षणाच्या पद्धती

फ्रिक्शन सरफेसिंगची कल्पना बरीच जुनी असून तिचे ब्रिटिश पेटंट १९४१ चे आहे. भरावयाच्या धातूची गोल सळई वेगाने फिरवत भागावर दाबतात. घर्षणाने तिचे टोक लोण्यासारखे मऊ होते, पण वितळत नाही. सळई पुढे सरकवली की तिच्या मागे काही मिलिमीटरांपर्यंत जाडीचा पट्टा उमटतो. आडव्या दाबल्या गेलेल्या धातूची कॉलर सळईभोवती वाढते आणि ती वाया जाते. पट्ट्याच्या दोन्ही कडा नीट चिकटत नाहीत, म्हणून शेजारचा पट्टा त्यावर चढवावा लागतो किंवा कडा तासून काढाव्या लागतात. हत्यारी पोलाद आणि स्टेनलेस स्टील या पद्धतीने साध्या पोलादावर चढवता येते व मिळणारी रचना बारीक कणांची, ओतीव दोषांपासून मुक्त असते.

अ‍ॅडिटिव्ह फ्रिक्शन स्टर डिपॉझिशनची मुळे १९९१ मध्ये ब्रिटनच्या द वेल्डिंग इन्स्टिट्यूटमध्ये निघालेल्या फ्रिक्शन स्टर वेल्डिंगमध्ये आहेत. यात फिरणाऱ्या पोकळ हत्याराच्या मधून धातूची कांडी खाली ढकलली जाते आणि हत्याराचा खांदा तो मऊ धातू खालच्या थरात घोळवून बसवतो. अ‍ॅल्युमिनियमसाठी ही पद्धत चांगली स्थिरावली आहे. पोलादाला मात्र ९०० अंशांच्या वर मऊपणा येत असल्याने हत्यार टंगस्टनच्या मिश्रधातूचे किंवा तशाच उष्णता सोसणाऱ्या द्रव्याचे लागते, ते झिजते आणि त्याचे कण थरात मिसळू शकतात. लागणारा दाबही मोठा असल्याने जड, ताठ यंत्र आवश्यक ठरते. ते उचलून जेटीवर नेता येत नाही.

न वितळणे म्हणजे न तापणे असा समज येथे घातक ठरतो. घर्षणाच्या दोन्ही पद्धतींत पोलाद ऑस्टेनाइटच्या, म्हणजे त्याची आतली स्फटिकरचना बदलते त्या, तापमानापर्यंत जाते आणि निवताना मध्यम कार्बनच्या शाफ्टमध्ये वेल्डिंगप्रमाणेच कठीण पट्टा तयार होऊ शकतो. हायड्रोजनचा आणि गोठण्याचा त्रास टळतो; उष्णतेचा टळत नाही. म्हणून कोल्ड स्प्रे आणि घर्षणाच्या पद्धती एकाच नावाखाली येत असल्या, तरी त्यांच्या दुरुस्तीनंतरचा उष्णतोपचार वेगळा ठरवावा लागतो.

खोल खाच किंवा तडा यासाठी घर्षणानेच छिद्र भरण्याची एक जवळची पद्धत आहे. सदोष जागी निमुळते छिद्र पाडून त्यात त्याच पोलादाची फिरती सळई दाबतात आणि ती छिद्राच्या भिंतींशी एकजीव होते. दक्षिण आफ्रिकेत नेल्सन मंडेला विद्यापीठाने एस्कॉम या वीज कंपनीसाठी विकसित केलेल्या वेल्डकोर तंत्रात वीजकेंद्रांच्या जाड पोलादी भागातून नमुना काढून घेतात आणि उरलेले छिद्र असेच भरतात. ध्वनिलहरींच्या साहाय्याने धातूच्या पट्ट्या दाबून बसवण्याची पद्धतही घनावस्थेचीच आहे, पण पोलादाच्या दुरुस्तीत तिचे स्थान अद्याप नगण्य आहे.

खारी हवा, पूर्वतयारी आणि तपासणी

किनारी प्रदेशात दुरुस्तीचे यश थर चढवण्याच्या आधीच ठरते. समुद्रात वापरलेल्या शाफ्टच्या गंजखड्ड्यांत क्लोराइडचे क्षार अडकलेले असतात. ते गोड्या पाण्याने धुऊन, ग्रिट ब्लास्टिंग म्हणजे कठीण कणांचा जोरदार मारा करून आणि क्षार गेल्याची चाचणी घेऊन मगच पुढे जावे. एरवी नवा थर गंजावर घातलेले झाकण ठरतो आणि आतला गंज त्याला उचलून टाकतो. दमट हवेत ब्लास्ट केलेल्या पोलादावर थोड्याच वेळात तांबूस झाक येते, म्हणून ब्लास्टिंग आणि फवारणी यांत अंतर ठेवू नये. पोलादी भुकटी हवाबंद, कोरड्या डब्यात ठेवावी लागते.

धातूची निवडही याच दृष्टीने करावी. साध्या पोलादावर स्टेनलेसचा थर चढवला आणि त्यात आरपार छिद्रे राहिली, तर खाऱ्या पाण्यात या दोन धातूंचा विद्युत घट तयार होतो. स्टेनलेस शाबूत राहते आणि खालचे पोलाद छिद्राच्या तोंडाशी वेगाने कुरतडले जाते. बाहेरून चकचकीत दिसणारा शाफ्ट अशा वेळी आतून पोखरत जातो. छिद्रे बंद करणारा सीलर लावणे, थराची कडा पाण्याच्या संपर्कात न येईल अशी ठेवणे किंवा मूळ पोलादाच्या जवळचाच धातू वापरणे हे त्यावरील मार्ग आहेत. एक्स्कॅव्हेटरच्या हायड्रॉलिक रॉडवरील क्रोमियमच्या मुलाम्याला पर्याय म्हणूनही कोल्ड स्प्रेचा विचार होतो, कारण त्या मुलाम्याच्या प्रक्रियेतील षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे.

चिकटलेल्या थराची ताकद मोजण्याच्या प्रचलित चाचणीत थरावर गोंदाने दांडा चिकटवून तो ओढतात. या चाचणीत सुमारे ७० ते ८० मेगापास्कलला गोंदच सुटतो. त्यामुळे जोड त्याहून मजबूत आहे एवढेच कळते, किती मजबूत आहे हे कळत नाही. शाफ्टसारख्या फिरत्या भागात खरी कसोटी वारंवार उलटणाऱ्या वाकण्याची, म्हणजे थकव्याची असते, आणि तिच्यासाठी त्याच पोलादाच्या नमुन्यांवर वेगळी चाचणी घ्यावी लागते. दुरुस्तीपूर्वी डाय पेनिट्रंटने, म्हणजे फटीत शिरणाऱ्या रंगीत द्रवाने, किंवा चुंबकीय कणांनी तडे शोधणे आवश्यक आहे, कारण तड्यावर थर चढवल्याने तडा बरा होत नाही, फक्त दिसेनासा होतो. दुरुस्तीनंतर अल्ट्रासोनिक तपासणी आणि कडकपणाची मोजणी करतात. वर्गीकृत जहाजाच्या प्रोपेलर शाफ्टवर असे कोणतेही काम करायचे झाल्यास इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगसारख्या, जहाजांची बांधणी व सुस्थिती प्रमाणित करणाऱ्या, वर्गीकरण संस्थेच्या सर्वेक्षकाची संमती लागते, आणि मूळ पोलादाचा प्रकार, ब्लास्टिंगची व फवारणीची वेळ, भुकटीचा बॅच, वायू, चढवलेली जाडी व चाचण्यांचे निकाल यांची नोंद त्या शाफ्टच्या कागदपत्रांत जोडावी लागते, म्हणजे पुढच्या वेळी तो काढणाऱ्या कारागिराला कोणता पृष्ठभाग मूळचा आणि कोणता चढवलेला हे लेथवर टूल लावण्यापूर्वी कळते.