टर्मिनलमधील मोडनिहाय संपादन

टर्मिनल एम्युलेटरच्या (अक्षरी आज्ञा देण्याच्या प्रोग्रॅमच्या) खिडकीत एकाच कळीला मोडनुसार, म्हणजे आज्ञा द्यायची की मजकूर लिहायचा या स्थितीनुसार, निराळे काम देऊन मजकूर लिहिण्याची व दुरुस्त करण्याची पद्धत. व्हीआय, विम आणि निओविम हे तिचे प्रमुख संपादक. महापे किंवा ऐरोलीच्या डेटा सेंटरमधील सर्व्हरवर अंधेरीच्या ऑफिसातून एसएसएचने (दूरच्या यंत्राशी सुरक्षित जोडणीने) शिरणाऱ्याला माऊस उपयोगी पडेलच असे नाही, पण व्हीआय बहुतेक सर्व युनिक्स यंत्रांवर सापडतो.

बिल जॉय यांनी बर्कलेत १९७६ साली व्हीआय लिहिला तो एडीएम-३ए टर्मिनलवर. त्याच्या एच, जे, के, एल या कळांवर बाण छापलेले होते आणि एस्केपची कळ आजच्या टॅबच्या जागी होती. ३०० बॉडच्या, म्हणजे अगदी मंद, मॉडेमवर पडदा रंगायला वेळ लागे, म्हणून आज्ञा एक-दोन अक्षरांच्या ठेवल्या गेल्या. ब्राम मोलेनार यांचा विम १९९१मध्ये आला.

नॉर्मल मोडमध्ये कळा आज्ञा देतात, इन्सर्ट मोडमध्ये मजकूर लिहितात. नॉर्मल मोडमधली आज्ञा क्रिया, संख्या आणि हालचाल अशी जुळते. ‘डी’ म्हणजे कापणे, ‘डब्ल्यू’ म्हणजे पुढच्या शब्दापर्यंत. ‘डी३डब्ल्यू’ने तीन शब्द जातात. ‘सीआय"’ अवतरणांमधला मजकूर काढून थेट इन्सर्ट मोडमध्ये नेते. कॉन्फिग फाइल दुरुस्त करताना याहून कामाची आज्ञा क्वचितच लागते. ‘.’ने मागचा बदल पुन्हा होतो, ‘यू’ने मागे घेतला जातो.

बहुतेक अडचणींचे मूळ संपादकात नसते. टर्मिनल पलीकडे कळा पाठवत नाही, बाइट म्हणजे संख्यारूप संकेत पाठवते. एस्केप म्हणजे बाइट २७, आणि बाणाच्या कळांचा संदेशही त्याच बाइटने सुरू होतो. त्यामुळे एस्केप दाबल्यावर पुढे काही येते का, याची वाट पाहिली जाते. टीमक्सच्या (एका टर्मिनलात अनेक सत्रे चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) जुन्या आवृत्त्यांत ही वाट ५०० मिलिसेकंदांची आहे. ‘एस्केप-टाइम’ १० केला की अडखळणे थांबते. विममध्ये याच प्रतीक्षेचे सेटिंग ‘टीटाइमआउटलेन’ ५० ते १०० ठेवावे. फार कमी ठेवले तर मंद जोडणीवर बाणाच्या संदेशाचे तुकडे पडतात आणि मजकुरात भलतीच अक्षरे उमटतात. कंट्रोल-[ हाही बाइट २७च पाठवतो, म्हणून कोपऱ्यातल्या एस्केपपर्यंत बोट न्यावे लागत नाही.

कंट्रोल-एस दाबल्यावर पडद्यावरचा मजकूर थांबवला जातो आणि शेल (आज्ञा स्वीकारणारा प्रोग्रॅम) गोठल्यासारखे वाटते. कंट्रोल-क्यूने ते सुटते आणि ‘एसटीटीवाय -इक्सॉन’ने ही सोय बंदच होते. कंट्रोल-झेडने विम पार्श्वभूमीत जातो, ‘एफजी’ने परत येतो. विंडोज टर्मिनलमध्ये कंट्रोल-व्ही मूळ मांडणीत पेस्टला दिलेली असल्याने विमची उभा पट्टा निवडण्याची आज्ञा चालत नाही. ती जोडणी सेटिंगमधून काढावी. ब्राउझरमधल्या टर्मिनलात कंट्रोल-डब्ल्यू सर्वांत धोक्याची, कारण विममधली खिडकी बदलायला जावे तर ब्राउझरचा टॅबच बंद होतो. जुन्या विममध्ये नॉर्मल मोडमध्ये पेस्ट केलेले प्रत्येक अक्षर आज्ञा ठरते. आधी ‘:सेट पेस्ट’ करावे आणि मग इन्सर्ट मोड घ्यावा, काम झाल्यावर नॉर्मल मोडमध्ये येऊन ‘:सेट नोपेस्ट’.

मराठी लिहिणाऱ्याला आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. इनस्क्रिप्ट ही देवनागरी कीबोर्ड मांडणी चालू राहिली तर जे, के, एल यांतून र, क, त निघतात आणि नॉर्मल मोडमध्ये आज्ञा चालत नाहीत. यावर चांगला उपाय म्हणजे यंत्राचा कीबोर्ड इंग्रजीच ठेवून विमच्या आत ‘कीमॅप’ (कोणत्या कळीने कोणते अक्षर उमटावे याचा तक्ता) लावणे. तो मजकूर लिहितानाच लागू होतो, नॉर्मल मोडच्या आज्ञांना हात लावत नाही. इन्सर्ट मोडमध्ये कंट्रोल-^ने चालू-बंद होतो. ‘क्ष’वर ‘एक्स’ दाबल्यास ‘क्’ जातो आणि ‘ष’ उरतो, कारण हलन्त ‘क’ला चिकटलेला धरला जातो. काना-वेलांटीच्या रुंदीबाबत विम आणि टर्मिनल यांचे हिशेब जुळले नाहीत की कर्सर पुढेमागे सरकलेला दिसतो. कंट्रोल-एलने पडदा तात्पुरता सुधारतो. फाइलमधला मजकूर बिघडलेला नसतो.

शेलमध्ये ‘सेट -ओ व्हीआय’ दिले की बॅश या शेलच्या ओळीवरही हीच पद्धत मिळते. ओळ इन्सर्ट मोडमध्ये सुरू होते. एस्केपनंतर ‘के’ने मागची आज्ञा येते, ‘/’ने इतिहासात शोध होतो, ‘व्ही’ने लांबलचक ओळ संपादकात उघडते. झेडशेल या दुसऱ्या शेलमध्ये ‘बाइंडकी -व्ही’. मात्र तेथे कंट्रोल-आरने इतिहासात होणारा शोध वेगळा जोडून घ्यावा लागतो.

लोकलमध्ये किंवा भुयारी मेट्रोत रेंज गेली आणि जोडणी तुटली, तरी काम सहसा वाचते. विम दर २०० अक्षरांनी, किंवा ४ सेकंद टंकन थांबले की, बदल स्वॅप फाइल या तात्पुरत्या फाइलमध्ये लिहितो. पुन्हा शिरल्यावर ‘विम -आर’पुढे फाइलचे नाव द्यावे, निघालेला मजकूर दुसऱ्या नावाने जतन करून मूळ फाइलशी ताडून पाहावा, मगच स्वॅप फाइल पुसावी. सूचनेत प्रक्रिया अजून चालू असल्याचे दिसले तर पुसू नये: फाइल दुसऱ्या सत्रात उघडी असते.