कुत्र्याला युरोपात सुट्टीवर न्यायचंय? तिकिटाआधी चिप बघा

मे महिन्यात मुलीकडे जर्मनीला जायचं ठरलं, की घरात पहिली चर्चा व्हिसाची होते. दुसरा प्रश्न चपलांच्या रॅकशेजारी पाय पसरून झोपलेला असतो. आमच्याकडे तो खंड्या. नऊ वर्षांचा, बावीस किलोचा, आमच्याच गल्लीत जन्मलेला. त्याला बरोबर न्यायचं म्हणून मी जी धावपळ केली, तिच्यातून एक गोष्ट पक्की कळली. कागद फार अवघड नाहीत, पण ते एका ठरलेल्या क्रमानेच व्हावे लागतात आणि त्या क्रमाला किमान चार महिने लागतात. मार्चमध्ये व्हेटकडे जाऊन ‘मे महिन्यात न्यायचंय, काय काय लागेल?’ असं विचारलंत, तर उत्तर एकच : यंदा नाही जमणार.

असं का? रेबीज आटोक्यात असलेल्या देशांची युरोपीय संघाची एक यादी आहे. त्या यादीतल्या देशातून येणाऱ्या कुत्र्याला चिप, लस आणि प्रमाणपत्र एवढं पुरतं. भारत त्या यादीत नाही. त्यामुळे आपल्या कुत्र्याच्या रक्तात रेबीजविरुद्धची प्रतिपिंडं पुरेशी आहेत, हे प्रयोगशाळेकडून सिद्ध करावं लागतं. यालाच सगळे ‘टायटर टेस्ट’ म्हणतात, आणि सगळा वेळ तिच्यातच जातो.

आधी चिप, मग लस

मायक्रोचिप तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि मानेच्या मागे कातडीखाली टोचतात. ती आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांची, पंधरा आकडी क्रमांकाची हवी. चिप टोचल्यावर व्हेटला तिथल्या तिथे स्कॅनर फिरवायला सांगा, आकडा स्वतः वाचा आणि लसीच्या कार्डावर तारखेसकट लिहून घ्या.

तारीख एवढी महत्त्वाची, कारण चिप बसण्याआधी दिलेली रेबीजची लस युरोपच्या हिशेबात धरलीच जात नाही. चिप आणि लस एकाच दिवशी चालते, पण आधी चिप. आम्ही इथेच अडकलो. खंड्याला चिप लसीच्या आधी बसली होती, पण आमच्या नेहमीच्या दवाखान्यात स्टिकर कार्डावर चिकटवताना तारीख टाकायची राहिली. नंतर कोणीतरी अंदाजाने टाकली, ती नेमकी लसीनंतरची. नऊ वर्षं दरवर्षी न चुकता लस घेतलेला कुत्रा कागदावर बिनलसीचा ठरला. पुन्हा लस टोचली, पुन्हा मोजणी पहिल्यापासून.

लस देताना कुत्रा किमान बारा आठवड्यांचा हवा.

टायटर : तीस दिवस आणि तीन महिने

लसीनंतर किमान तीस दिवस गेल्यावर रक्त काढायचं. त्यातलं सीरम वेगळं करून युरोपीय संघाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेतच पाठवायचं. कोपऱ्यावरच्या लॅबचा रिपोर्ट कितीही सुंदर छापलेला असला तरी उपयोगाचा नाही. मान्य प्रयोगशाळांची यादी युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावर असते. नमुना बर्फाच्या पॅकमध्ये बाहेर पाठवावा लागतो, म्हणून हे काम आधी केलेला व्हेट गाठा. नळीवर आणि अर्जावर चिपचा क्रमांक असलाच पाहिजे. निकाल ०.५ आययू प्रति मिलिलिटर किंवा त्याहून जास्त आला, की कुत्रा पास.

पास झाला म्हणून लगेच निघता येत नाही. रक्त काढल्याच्या तारखेपासून तीन महिने पूर्ण व्हावे लागतात. रिपोर्ट हातात आल्यापासून नव्हे, रक्त काढल्यापासून. तेवढी एक गोष्ट आपल्या फायद्याची आहे.

आता उलटं मोजू. विमान १५ मेचं असेल, तर रक्त १५ फेब्रुवारीच्या आत काढलेलं हवं. त्याआधी तीस दिवस, म्हणजे लस १६ जानेवारीच्या आत. हा अगदी काठावरचा हिशेब झाला. नमुना वाटेत खराब होतो, आकडा ०.४ येतो, कुरिअर शनिवार-रविवार पडून राहतं. फराळाचे डबे रिकामे व्हायच्या आत चिप-लस उरकली, तर मे महिन्यात धाप लागत नाही. पिल्लू असेल तर बारा आठवडे, तीस दिवस आणि तीन महिने मिळून ते सुमारे सात महिन्यांचं होईपर्यंत युरोपचं नावच काढायचं नाही.

शेवटचा आठवडा : एक्यूसीएस

भारतातून प्राणी बाहेर नेण्याचं आरोग्य प्रमाणपत्र केंद्र सरकारची पशू संगरोध आणि प्रमाणन सेवा देते. सगळे तिला ‘एक्यूसीएस’ म्हणतात. तिची केंद्रं दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू आणि हैदराबाद इथे आहेत. पुणे, नागपूर, गोवा यादीत नाहीत, म्हणजे आपल्याला मुंबईच.

युरोपसाठी युरोपीय संघाच्याच नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. ते इंग्रजीत आणि ज्या देशात पहिलं पाऊल ठेवणार त्या देशाच्या भाषेत असावं लागतं. नमुना अधूनमधून बदलतो, म्हणून गेल्या वर्षी गेलेल्या मित्राकडून घेऊ नका, त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरून ताजा उतरवा. सरकारी पशुवैद्यकाची सही झाल्यापासून दहा दिवसांच्या आत युरोपात पोचावं लागतं. त्यामुळे हे काम महिनाभर आधी उरकून निवांत बसण्याची सोय नाही.

फाइलमध्ये काय ठेवायचं? लसीचं मूळ कार्ड, चिपचा दाखला, टायटर रिपोर्ट, नोंदणीकृत व्हेटचं ताजं तंदुरुस्ती प्रमाणपत्र, तुमचा पासपोर्ट आणि तिकीट. शिवाय मालकाचं एक घोषणापत्र लागतं : कुत्रा विकायला नेत नाही, तो माझ्याबरोबर किंवा माझ्या प्रवासाच्या पाच दिवस आगेमागे येतो आहे. मालक स्वतः नसेल, तर घेऊन जाणाऱ्याला त्याचं लेखी अधिकारपत्र हवं. एका माणसाला जास्तीत जास्त पाच प्राणी नेता येतात. पाच कुत्रे घेऊन सुट्टीवर जाणाऱ्याला माझा नमस्कार.

कुत्रा समोर आणावा लागतो. स्कॅनर मानेवरून फिरतो, ‘बीप’ वाजतो, अधिकारी आकडा मोठ्याने वाचतो आणि आपण कागदावर बोट ठेवून एकेक अंक जुळवत राहतो. पंधरावा अंक जुळेपर्यंत मी श्वास घेतला नव्हता. खंड्या मात्र त्यांच्या बुटाचा वास घेण्यात गुंग होता.

फिनलंड, आयर्लंड, माल्टा किंवा नॉर्वेला जाणार असाल, तर पट्टकृमीचं औषधही लागतं. तिथे पोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या दरम्यान व्हेटने द्यायचं आणि नोंदवायचं.

विमान

पिशवीसकट आठ किलोच्या आसपास भरणारा कुत्रा बऱ्याच युरोपीय विमान कंपन्या केबिनमध्ये घेतात. त्यावरचा विमानाच्या पोटात, म्हणजे सामानाच्या कक्षात, क्रेटमध्ये. एका उड्डाणात ठरावीकच प्राणी घेतात, म्हणून आपलं तिकीट काढण्याआधी फोन करून त्याची जागा पक्की करा. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना अनेक कंपन्या पोटात घेतच नाहीत. श्वासाचा त्रास होतो म्हणून ते योग्यच आहे. शक्यतो थेट विमान बघा. मधे उतरलात की त्या देशाचे वेगळे नियम.

क्रेटमध्ये कुत्र्याला उभं राहता, वळता आणि आडवं होता आलं पाहिजे, पाण्याची वाटी बाहेरून भरता आली पाहिजे. आम्ही क्रेट तीन महिने आधी आणून दिवाणखान्यात दार उघडं ठेवून दिला. पहिला आठवडा खंड्याने त्याच्याकडे पाहिलंही नाही. मग आत माझी जुनी बंडी टाकली आणि दुपारची पोळी तिथेच द्यायला लागलो. महिन्याभरात पाहुणे आले की साहेब आपणहून आत जाऊन बसू लागले. झोपेचं औषध देऊन पाठवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. उंचीवर रक्तदाब आणि श्वासावर त्याचा काय परिणाम होईल याचा भरवसा नसतो, आणि गुंगीतलं जनावर काउंटरवरून परत पाठवतात.

जात आधी तपासा. पिटबुल टेरिअर, अमेरिकन स्टॅफर्डशायर, स्टॅफर्डशायर बुल टेरिअर, बुल टेरिअर आणि त्यांचे संकर जर्मनीत आणायला सर्वसाधारणपणे बंदी आहे. स्वित्झर्लंडच्या विमानतळावर भारतातून थेट उतरणार असाल, तर तिथल्या पशुवैद्यक खात्याची परवानगी आधी काढावी लागते.

उतरल्यावर लाल मार्गाने जाऊन कस्टमला स्वतःहून सांगायचं. कागद नीट असतील तर काम लवकर होतं. तेच प्रमाणपत्र पुढे काही महिने युरोपीय संघात देशोदेशी फिरायला चालतं, अर्थात तेवढ्या काळात लस चालू हवी.

परत येताना

जाताना सगळे जागे असतात, येताना झोपतात. भारतात परत आणायलाही कागद लागतात. एक्यूसीएसचं ना हरकत पत्र निघण्याआधी मिळवावं लागतं, आणि तिकडच्या सरकारी पशुवैद्यकाचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं. जर्मनीत ते ‘व्हेटरिनेअरआम्ट’मध्ये मिळतं, वेळ आधी घ्यावी लागते. जाताना मिळालेल्या आपल्या प्रमाणपत्राच्या दोन-तीन प्रती जपून ठेवा. हा कुत्रा मुळात इथूनच गेला होता, हे सांगणारा तोच कागद. एरवी परदेशातून कुत्रा आणण्याची मुभा दोन वर्षं सलग बाहेर राहून कायमचं परतणाऱ्यांना आहे, तीही दोनच प्राण्यांची. तिकडे सुट्टीत एखादं गोंडस पिल्लू घेऊन यायचा विचार असेल तर सोडून द्या. आणि उतरायचं ते त्याच सहा शहरांपैकी एका ठिकाणी. पुण्याचं किंवा गोव्याचं जोडतिकीट मोहात पाडेल, पण खंड्या मुंबईतच उतरला आणि पुढे गाडीने आला.

ब्रिटनचं गणित जवळपास हेच, पण तिथे सहाय्यक कुत्रे सोडले तर विमानाने येणारा कुत्रा फक्त कार्गोनेच जातो, आणि पट्टकृमीचं औषधही सक्तीचं. अमेरिकेसाठी ऑगस्ट २०२४ पासून नवे नियम लागू आहेत. भारत त्यांच्या रेबीज-जोखमीच्या यादीत असल्याने कुत्रा सहा महिन्यांचा हवा, मान्य प्राणी-केंद्रात आधी नोंदणी हवी आणि ठरावीक विमानतळांवरच उतरावं लागतं. ऑस्ट्रेलिया सुट्टीसाठी विसराच. भारतातून थेट कुत्रा तिथे जातच नाही.

माझं स्पष्ट मत विचाराल, तर पंधरा दिवसांसाठी हे करू नये. कुत्रा चांगल्या पाळणाघरात किंवा मावशीकडे जास्त सुखी राहील. दोन-तीन महिने राहणार असाल, तर मात्र करा. टायटर एकदा पास झाली की रेबीजचं बूस्टर मुदत संपायच्या आत देत राहिल्यास युरोपसाठी ती पुन्हा करावी लागत नाही. एक दिवस जरी उशीर झाला, तरी लस ‘पहिली’ धरतात आणि तीस दिवस, तीन महिने पुन्हा सुरू. आमच्या फ्रिजवर गॅसवाल्याच्या नंबराखाली लाल पेनाने खंड्याची तारीख लिहिली आहे, आणि मुदतीच्या आठ दिवस आधीची.