सूपची घाई सुरीने करावी
सूप लवकर व्हावं म्हणून आपण पहिली गोष्ट करतो ती गॅस मोठा करण्याची. पातेलं रटरटतं, झाकण खडखडतं, ओट्यावर शिंतोडे उडतात आणि गाजर मात्र कच्चं ते कच्चंच. उघड्या पातेल्यातलं पाणी १०० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं आणि तिथेच अडून राहतं. त्यापुढे कितीही आच दिली तरी ती पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. मंद उकळी आणि धो-धो उकळी यांच्या तापमानात फरक जवळपास नसतोच.

वेळ वाचतो तो चिरताना. फोडीच्या गाभ्यापर्यंत उष्णता पोहोचायला लागणारा वेळ साधारण तिच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. २ सेंटिमीटरच्या फोडीऐवजी १ सेंटिमीटरची केली, तर हा वेळ निम्मा नव्हे, पाव होतो. भाजी किसून घातली तर विचारायलाच नको.

अर्थात गाभा तापला म्हणजे भाजी शिजली असं नाही. भाजीच्या पेशी एकमेकींना धरून असतात त्या पेक्टिनमुळे. हे पेक्टिन झपाट्याने सुटू लागतं ते ८०-८५ अंशांच्या पुढे, आणि त्यालाही काही मिनिटं द्यावीच लागतात. इथे एक खोच आहे : पाणी थोडं आंबट असलं की पेक्टिन सुटायला कुरकुर करतं. मी एकदा बटाटा आणि टोमॅटो एकदमच पातेल्यात टाकले होते. टोमॅटोचा लगदा झाला, पण बटाटा काही केल्या मऊ होईना. तेव्हापासून टोमॅटो मागाहून.

पण झटपट सूपची खरी अडचण चवीची. तासभर उकळायला वेळ नाही, मग चव आणायची कुठून? एक वाट परतण्याची. शर्करा आणि अमिनो आम्लं एकत्र तापली की खमंग वास आणि तपकिरी रंग येतो. लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये या अभिक्रियेचं वर्णन केलं. ती जोमाने होते १४० अंशांच्या पुढे, म्हणजे पाण्यात तिची आशा धरू नये. म्हणून कांदा पाणी घालण्याआधीच तेलात चांगला लालसर करावा. तेलाचा आणखी एक उपयोग आहे. गाजरातलं बीटा-कॅरोटीन स्निग्ध पदार्थात विरघळतं, त्यामुळे चमचाभर तेलाने ते शरीराला जास्त लाभतं.

दुसरी वाट उमामीची, म्हणजे रश्श्याला भरीव, रुचकर करणाऱ्या चवीची. किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये जपानी समुद्री शैवालाच्या रश्श्यातून ही चव देणारा पदार्थ, ग्लुटामेट, वेगळा काढला आणि त्या चवीला हे नाव दिलं. पिकलेल्या टोमॅटोत ग्लुटामेट भरपूर असतं आणि गरापेक्षा बियांभोवतीच्या बुळबुळीत भागात ते जास्त असतं. तो भाग काढून टाकणाऱ्यांना काय म्हणावं! वाळवलेल्या मश्रूममध्ये असतं ग्वानिलेट, हाही उमामीचाच पदार्थ. ही दोन्ही एकत्र आली की चव नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी वाढते. दोन-चार सुके मश्रूम चुरडून टाकले तर तासाभराची कसर बरीच भरून निघते.

सूप दाट हवं असेल तर बटाट्याची एक फोड पुरे. तिच्यातला स्टार्च ६०-७० अंशांना पाणी शोषून फुगतो. मात्र उकळतं सूप मिक्सरच्या भांड्यात गच्च बंद करू नये, वाफ झाकण उडवते.

वाटाणा, पालक अगदी शेवटी घालावेत, झाकण न ठेवता. हरितद्रव्याच्या रेणूच्या मधोमध मॅग्नेशियम असतं. उष्णता आणि आम्ल मिळून ते हुसकावून लावतात, आणि हिरवा रंग मातकट होतो. झाकण उघडं असलं की भाजीतली काही आम्लं वाफेबरोबर निघून जातात. लिंबू पिळायचंच असेल तर ते पातेल्यात नको, वाटीत पिळावं. सूप पिऊन होईपर्यंत रंग फारसा उतरत नाही.