‘हिस्टेरिया’: ड्रमरसाठी थांबलेल्या बँडचा अल्बम

ग्लॅम मेटलच्या, म्हणजे झगमगीत वेशातल्या हेवी मेटल रॉकच्या काळातला सर्वांत घोटून केलेला अल्बम म्हणजे डेफ लेपर्ड या ब्रिटिश रॉक बँडचा ‘हिस्टेरिया’. तो ऑगस्ट १९८७मध्ये आला. काम मात्र १९८४पासूनच चाललं होतं.

त्याआधीचा ‘पायरोमेनिया’ (१९८३) अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर अडकला, कारण वर मायकल जॅक्सनचा ‘थ्रिलर’ ठाण मांडून होता. पुढच्या अल्बममधलं प्रत्येक गाणं ‘थ्रिलर’मधल्या गाण्यांसारखं स्वतःच्या बळावर चालायला हवं, हा निर्माता मट लँगचा हट्ट. पण तो थकला होता आणि सुरुवातीला कामात नव्हताच. त्याच्या जागी जिम स्टाइनमन या निर्मात्याला आणलं, जमलं नाही.

त्यातच ३१ डिसेंबर १९८४ला इंग्लंडमधल्या शेफील्डजवळ मोटार उलटून ड्रमर रिक ॲलनचा डावा हात तुटला. डॉक्टरांनी तो जोडला, पण संसर्ग झाल्याने अखेर काढावाच लागला. रिक तेव्हा २१ वर्षांचा होता. दुसरा ड्रमर मिळणं अवघड नव्हतं. बँडने तो शोधलाच नाही. डाव्या हाताचे ठोके डाव्या पायाने पेडलवर देता येतील असा इलेक्ट्रॉनिक सेट तयार झाला आणि रिक पुन्हा पहिल्यापासून शिकला. १९८६मध्ये आयर्लंडमधल्या छोट्या कार्यक्रमांत सोबतीला दुसरा ड्रमर होता. एके दिवशी त्याला यायला उशीर झाला, रिकने एकट्याने वाजवायला सुरुवात केली आणि मग सोबतीची गरजच उरली नाही. त्याच ऑगस्टमध्ये तो इंग्लंडमधल्या कॅसल डॉनिंग्टनच्या मोठ्या रॉक महोत्सवात वाजवत होता.

दरम्यान लँग परतला होता. गिटारची कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, एकदम न वाजवता एकेक तार वेगळी रेकॉर्ड करायची आणि मग थर रचायचे, इथपर्यंत त्याची चिकाटी. ड्रमचे आवाजही यंत्रातून बांधलेले. हे सगळं कृत्रिम वाटतं, असा आक्षेप अनेकदा घेतला जातो. मला तो पटत नाही. सगळे एकत्र बसून वाजवतील अशी परिस्थितीच नव्हती. तुकड्या-तुकड्यांनी अल्बम बांधण्याच्या या रीतीमुळे बँडला आपल्या ड्रमरसाठी थांबता आलं.

काम संपत आलं असताना गायक जो एलियट गिटारवर सहज काहीतरी छेडत होता. ते लँगच्या कानावर पडलं आणि त्यातून ‘पोअर सम शुगर ऑन मी’ झालं. अमेरिकेत अल्बमला खरा जोर आला तो याच गाण्याने. जुलै १९८८मध्ये, प्रकाशनानंतर जवळजवळ वर्षभराने, ‘हिस्टेरिया’ तिथे पहिल्या क्रमांकावर पोहोचला.