सम आकडा असेल तर वाट आहे, विषम असेल तर तुटली

'इंटरनेट बंद पडलं तरी फोनवरून फोनवर मेसेज, मुंबईहून थेट पुण्याला!' 2025 च्या जुलैत बिटचॅट हे ब्लूटूथवर चालणारं मेसेजिंग ॲप आलं आणि आमच्या ग्रुपवर असले फॉरवर्ड सुरू झाले. ब्लूटूथची एक उडी, म्हणजे एका फोनवरून थेट दुसऱ्यावर, मोकळ्यावर शंभरेक मीटर, भिंती आड आल्या की बरीच कमी. बिटचॅट एका मेसेजला उड्या देतं फार तर सात. मोर्चात किंवा पुराने वेढलेल्या वस्तीत हे कामाचं आहेच, पुण्याचं सोडा.

शिवाय त्याची पद्धत ढोबळ आहे: आलेला मेसेज आसपासच्या सगळ्यांकडे फेकायचा. टॉवर नसताना, सगळे हलत असताना, नेमकी वाट आखायची तर खरी मजा सुरू होते.

अ, ब, क असे तीन फोन ओळीने आहेत. कोण आपल्यापासून किती उड्यांवर, याची जाहिरात प्रत्येक जण शेजाऱ्यांना करत राहतो. ब म्हणतो, 'क एका उडीवर.' अ म्हणतो, 'क दोन उड्यांवर.' आता क निघून गेला. ब ला काही ऐकू येईना, तेवढ्यात अ ची जाहिरात आली: 'क दोन उड्यांवर.' ही वाट आपल्यातूनच जाते हे ब ला कुठे ठाऊक! तो लिहितो तीन. ते ऐकून अ चार करतो, मग ब पाच. आपणच उठवलेली वावडी गावभर फिरून आपल्याकडे आली की आपल्यालाही खरी वाटते, तसंच.

1994 मध्ये चार्ल्स पर्किन्स आणि प्रवीण भागवत या संशोधकांनी यावर जो तोडगा काढला, तो मला अजूनही फार देखणा वाटतो. प्रत्येक बातमीला क्रमांक. सम क्रमांक ज्याचा त्यानेच काढायचा: क म्हणतो, 'मी इथे आहे, 100.' दुवा तुटल्याचं ज्याला कळेल त्याने त्यात एक मिळवायचा. म्हणून ब लिहितो, 'क अनंत अंतरावर, 101.' अ ची 100 वाली बातमी शिळी ठरते, ब ती ऐकूनच घेत नाही. उलट अ च आपली नोंद खोडतो. क दुसरीकडे उगवला की 102 पुकारतो आणि सगळे मुकाट्याने ते मानतात. घड्याळं जुळवायला नकोत, कुणी वरिष्ठ नको.

फोन शेकडो झाले की या जाहिरातींनीच हवा भरून जाते. मग गट पाडतात. सर्वांत सोपा नियम असा, की शेजाऱ्यांत ज्याचा ओळखक्रमांक सर्वांत लहान तो म्होरक्या आणि गटाबाहेरचा निरोप त्याच्यामार्फत. पण दोन म्होरके चालत चालत समोरासमोर आले की एकाला पद सोडावं लागतं, त्याचे सदस्य नवा गट शोधतात आणि हा गोंधळ शेजारच्या गटांपर्यंत पोचतो. शिवाय लहान क्रमांकवाला बिचारा कायमचा हमाल, बॅटरी त्याचीच आधी संपणार. म्हणून पुढच्या काही पद्धतींत म्होरक्या निवडताना उरलेली बॅटरी आणि चालण्याचा वेगही पाहतात. जो कमी हलतो त्याला आधी पद.