गलबत आणि बैलांचा तांडा: फरक वेगाचा नव्हे

"समुद्रमार्ग वेगवान होता, म्हणून मध्ययुगाच्या सुरुवातीला व्यापारी तिकडे वळले." हे वाक्य इतक्यांदा वाचलंय की आता चीड येते. खुष्कीचा मार्ग आपल्याला ठाऊक आहे: घाट, तांडे, जागोजागची जकात, वाटमारी. समुद्रावर चाचे होतेच, त्यामुळे धोक्याचा मुद्दा बरोबरीत सोडून देऊ. घोटाळा होतो तो वेगापाशी.

मस्कतहून कोल्लमला अनुकूल वाऱ्यावर साधारण महिना लागतो, असं इ.स. 851 च्या एका अरबी वृत्तांतात आहे. अंतर सुमारे अडीच हजार किलोमीटर, म्हणजे दिवसाला ऐंशीच्या थोडं वर. याला चोवीस तासांनी भागा. ताशी साडेतीन किलोमीटर! माणूस पायी याहून भरभर चालतो आणि घोडे बदलत निघालेला जासूद गलबताला सहज मागे टाकतो. पण गलबत रात्रीही चालत राहतं. बैल संध्याकाळी सोडावे लागतात, चारावे-पाजावे लागतात, म्हणून तांडा दिवसाला पंधरा-वीस किलोमीटरांवर अडतो.

त्याहून मोठी गोष्ट वजनाची. इंडोनेशियातल्या बेलितुंग बेटाजवळ 1998 साली नवव्या शतकातलं बुडालेलं जहाज सापडलं. फळ्या दोरीने शिवलेल्या, बांधणी अरबी धाटणीची. आत चीनमध्ये घडवलेली सुमारे 60,000 भांडी, त्यात बहुतेक चीनमधल्या चांगशा इथले साधे वाडगे, कितीतरी मोठ्या रांजणांत रचून भरलेले. नग अर्धा किलोचा धरला तरी 30 टन होतात. बैलामागे दीडशे किलो धरा, दोनशे बैल लागतील. वाटेत गवत नसेल तर वैरण वाहायला आणखी बैल, आणि त्या बैलांनाही वैरण हवीच. वाऱ्याला वैरण लागत नाही.

म्हणूनच या समुद्री वाटेला "रेशीम मार्ग" म्हणणं मला मुळीच पटत नाही. रेशीम हलकं आणि महाग, ते उंटावरही परवडतं. रोजच्या जेवणाचा वाडगा हजारो कोस नेणं परवडलं ते केवळ पाण्यामुळे.

आणि वेगाचाच हिशोब करायचा तर परतीचाही करा. अरबस्तानाकडे परतायला ईशान्येचा वारा हवा. तो हंगाम हुकला की बंदरात महिनोन्महिने मुक्काम. तांड्याला मात्र पाऊस ओसरून वाटा सुकल्या की पुरे.

कोकणातल्या चौल बंदराला अरब सैमूर म्हणत. 916 च्या सुमारास अरब प्रवासी अल-मसूदी तिथे आला, तेव्हा इराणी किनाऱ्यावरचं सिराफ, ओमान, बसरा, बगदादकडून आलेले आणि तिथेच जन्मलेले मिळून दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहत असल्याचं त्याने लिहिलंय. समुद्राने आलेला माल राष्ट्रकूटांच्या राजधानीला, मान्यखेटाला न्यायचा, तर बंदरात उतरवल्यावर समोर सह्याद्री उभा असायचा. तिथून पुढे गोण्या बैलाच्याच पाठीवर चढायच्या.