पट्टीबदलातील स्वरनामांचे सुलभीकरण

स्टाफ (पाच रेषांच्या पाश्चात्त्य) स्वरलिपीतील गाणे गायकाच्या पट्टीत लिहून काढताना एकाच सुराच्या दोन नावांपैकी (उदा. सी शार्प, म्हणजे अर्धा सूर चढवलेला सी, व डी फ्लॅट, म्हणजे अर्धा सूर उतरवलेला डी) वाचायला सोपे नाव निवडण्याची पद्धत. नागपुरात सुगम संगीताचे वाद्यवृंद आणि सदर भागातील चर्चचे गायकवृंद यांच्या लेखनात हा प्रश्न येतो.

जुन्या मीनटोन जुळणीत (वाद्य लावण्याची एक पद्धत) जी शार्प व ए फ्लॅट हे वेगळे सूर होते; त्यांत सुमारे 41 सेंटचे (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) अंतर असे. समान अंतराच्या 12 सुरांचे गणित, ज्यात ही दोन नावे एकाच सुराची होतात, चीनमध्ये जू झाईयू (1584) व युरोपात सिमोन स्टेविन यांनी साधारण एकाच काळात मांडले. दोघांचे काम स्वतंत्र मानणे अधिक सुरक्षित. अशी दोन नावे एकाच ग्रंथातही भेटतात: जर्मन संगीतकार बाखच्या ‘वेल-टेम्पर्ड क्लॅव्हियर’च्या पहिल्या खंडात (1722) आठवा प्रेल्यूड (प्रास्ताविक रचना) ई फ्लॅट मायनरमध्ये आहे, तर त्याच्या जोडीची फ्यूग (एकच सुरावट वेगवेगळ्या आवाजांत फिरवणारी रचना) डी शार्प मायनरमध्ये. ही फ्यूग मुळात डी मायनरमध्ये असावी, हे मत जास्त पटते: स्वर त्याच रेषांवर ठेवून नुसती चिन्हे बदलली की ती अर्धा सूर चढते.

हार्मोनियमवर ‘काळी एक’ ही एकच पट्टी, पण कागदावर तिचे दोन षड्ज (सी शार्प व डी फ्लॅट) होतात. त्यांतला कोणता घ्यायचा हे पट्टीवरून नव्हे, थाटावरून ठरवावे. यमन सी शार्पवरून लिहिला तर आरंभीच्या चिन्हांत 8 शार्प, डी फ्लॅटवरून 4 फ्लॅट. भैरवीत नेमके उलट: सी शार्पवरून 3 शार्प, डी फ्लॅटवरून 9 फ्लॅट, कारण कोमल रिषभ व धैवत डबल फ्लॅट (दोनदा उतरवलेले) होतात. दोन्ही लेखनांची बेरीज 12 येते. सहाच्या वर गेलेले लेखन सोडावे. भैरव, पूर्वी, मारवा, तोडी यांना आरंभीची रूढ चिन्हसूची नाही; त्यांत चिन्हे जागेवरच लिहावी लागतात.

प्रत्येक डबल शार्प पुसणे मात्र चूक. जी शार्प मायनरमधील शुद्ध निषाद एफ डबल शार्प असतो. तो ‘जी’ लिहिला की निषाद व षड्ज एकाच रेषेवर येतात आणि वर जाणारी पायरी गायकाला दिसत नाही. वाद्याच्या जलद, ओझरत्या स्वराला मात्र असे सोपे नाव चालते.

म्यूझस्कोअर या स्वरलेखनाच्या संगणक प्रणालीत पांढरी एकचे (सी) मेजर गाणे काळी दोनला नेताना ‘मायनर थर्ड’ हे अंतर निवडावे: ई फ्लॅट, 3 फ्लॅट. ‘ऑगमेंटेड सेकंड’ निवडल्यास डी शार्प मेजरचे 9 शार्प पदरी पडतात. कॉर्डची नावेही तपासावीत. सुरावट ई फ्लॅटमध्ये आणि वर कॉर्ड ‘डी शार्प’ अशी प्रत गिटारवाल्याला अडखळवते.